पद्मिनीला ओव्हरफ्लो बाटली बसवायचीय? आधी रेडिएटरची कॅप बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घरात आली की नव्या मालकाचा पहिला आठवडा साधारण असा जातो. सकाळी बॉनेट उघडायचं, रेडिएटरची कॅप काढायची, आत बोट घालून बघायचं. पाणी दोन बोटं खाली गेलेलं दिसतं, म्हणून काठोकाठ भरायचं. संध्याकाळी एक फेरी मारून गाडी लावली की पुढच्या चाकांच्या मध्ये फरशीवर हिरवट ओघळ. दुसऱ्या सकाळी पुन्हा बोट घातलं तर पाणी पुन्हा तेवढंच खाली. मग 'रेडिएटर गळतोय' म्हणून गाडी गॅरेजला जाते, तिथे रेडिएटर उतरतो, डाख मारला जातो, पैसे जातात. आणि पुढच्या आठवड्यात फरशीवर तोच ओघळ.

यातल्या बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर गळत नसतो. गाडी जशी बनवली आहे तशीच वागत असते. हा लेख त्या ओघळाबद्दल आणि तो थांबवायला जी प्लास्टिकची ओव्हरफ्लो बाटली लावतात तिच्याबद्दल आहे. मी पद्मिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय, कारण माझ्याकडे तीच आहे: १९८६ची, मामाकडून आलेली. पण ॲम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा परदेशातून आलेली कुठलीही जुनी गाडी असली तरी रेडिएटरच्या मानेला, म्हणजे कॅप बसते त्या तोंडाला, एक बारीक नळी आहे आणि ती थेट जमिनीकडे गेली आहे, एवढं जुळत असेल तर पुढचं सगळं तिलाही लागू आहे.

पाणी बाहेर का पडतं

पाणी तापलं की फुगतं. सकाळच्या तीस अंशांवरून ते नव्वद-पंचाण्णव अंशांवर गेलं की साधारण साडेतीन टक्के वाढतं. कूलंट, म्हणजे गंज रोखणारं रसायन, मिसळलेलं असेल तर आणखी थोडं जास्त, चार-पाच टक्क्यांपर्यंत. गाडीत सहा लिटर पाणी बसत असेल तर गरम झाल्यावर त्याला दोनशे ते तीनशे मिली जागा जास्त लागते. इंजिनाचा ब्लॉक लोखंडाचा आणि रेडिएटर पितळ-तांब्याचा, ते काही तेवढे फुगत नाहीत. मग ते जास्तीचं पाणी कॅपमधली स्प्रिंग उचलून मानेतल्या नळीतून बाहेर पडतं आणि रस्त्यावर सांडतं.

गाडी थंड झाली की उलटं होतं. पाणी आकसतं, आत पोकळी होते, आणि कॅपच्या मधोमध असलेला छोटा व्हॉल्व उघडून त्याच नळीतून आत येते ती हवा. म्हणून सकाळी पातळी खाली दिसते. जुन्या गाडीत ती दोन बोटांची रिकामी जागा मुद्दाम सोडलेली असते. तुम्ही ती रोज भरता आणि गाडी रोज तेवढं पाणी बाहेर टाकते. बाटली न लावता नुसतं भरणं थांबवलंत, तरी दोन दिवसांत पातळी एका जागी टिकते. हे आधी करून बघा. चार दिवसांनंतरही पाणी खालीच जात राहिलं तर खरी गळती आहे आणि ती बाटलीने बरी होणार नाही. पाण्याचा पंप, होजच्या (जाड रबरी नळ्यांच्या) क्लिपा, हीटर असेल तर त्याचे जोड, हे सगळं आधी बघावं लागेल.

मग बाटली हवी कशाला? दोन कारणांसाठी. पहिलं, रोज आत जाणारी हवा. हवेतला ऑक्सिजन गरम पाण्यात मिसळला की लोखंडी ब्लॉक आतून गंजतो, तो गंज रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. दुसरं कारण आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. सांडलेल्या पाण्याच्या जागी आपण काय भरतो? नळाचं, बहुतेक वेळा बोअरचं. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते तापलं की जसा गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसाच इंजिनच्या आत बसतो. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात, पण रोज नवं पाणी म्हणजे रोज नवे क्षार. बाटली लावली की बाहेर पडलेला थेंब बाटलीत जातो आणि रात्री परत आत ओढला जातो. नवं पाणी नाही, नवी हवा नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावरून खूप जण निराश होतात. बाटलीने इंजिन थंड राहत नाही. काटा लालकडे जात असेल तर थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा, चोंदलेला रेडिएटर, इग्निशनचं टायमिंग ही कारणं शोधा. बाटली फक्त पाणी जपते.

दिसायला सारख्या, कामाला वेगळ्या

दुकानात 'कूलंटची बाटली द्या' म्हटलं की समोर दोन प्रकार येऊ शकतात. त्यांची गल्लत झाली तर पुढचं सगळं फसतं.

एक आहे साधी ओव्हरफ्लो बाटली. हिच्यात दाब नसतो. भिंत पातळ, आरपार पाणी दिसतं, झाकण नुसतं दाबून किंवा अर्ध्या आट्यात बसणारं आणि त्याला हवेसाठी बारीक भोक. नळी एकच, झाकणातून आत शिरून तळापर्यंत गेलेली. दाब धरणारी कॅप रेडिएटरवरच राहते. मारुती ८०० आणि ओम्नीची बाटली या जातीची.

दुसरी असते एक्स्पान्शन टाकी. ती पाण्याच्या फेऱ्याचाच भाग असते, इंजिनात जेवढा दाब तेवढाच तिच्यात. भिंत जाड, गोल किंवा फुगीर आकार, दोन-तीन जाड-बारीक नळ्या, आणि आट्यांचं मजबूत झाकण ज्यावर १.१ किंवा १.४ असा आकडा किंवा गरम असताना उघडू नका असं चिन्ह असतं. आजच्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, जे भरायचं ते या टाकीतच.

जुन्या गाडीला आपल्याला हवी आहे ती पहिली. दुसरी लावायची तर रेडिएटरची मान बंद करावी लागते, नळ्या वळवाव्या लागतात, टाकी सगळ्यांत उंच बसवावी लागते. नवख्याने त्यात पडू नये. आणि पहिल्या जातीची पातळ बाटली दाबाच्या जागी तर कधीच लावू नये. ती फुगते आणि फुटते, तेही पाणी शंभर अंशांच्या आसपास असताना.

बाटलीच्या आधी कॅप

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर ते हे राहू द्या. मी बघितलेल्या दहा फसलेल्या बाटल्यांपैकी बहुतेक ठिकाणी बाटली ठीक होती, कॅप चुकीची होती.

गाडी रात्रभर थंड झालेली असताना कॅप काढा. थंड म्हणजे वरचा जाड होज हाताला पूर्ण थंड लागला पाहिजे. गरम रेडिएटरची कॅप फडकं धरूनही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांचा उजवा हात दीड महिना पट्टीत होता.

आता कॅप उलटी करून तळहातावर ठेवा. खालचं टोक आता वर आलंय, तिथे काळा रबरी वायसर दिसेल, त्याच्या मधोमध चवलीएवढी पितळी चकती. नखाने ती चकती हलकेच ओढा. थोडी बाहेर यायला हवी आणि सोडल्यावर परत बसायला हवी. हाच तो आत घेणारा व्हॉल्व. चकती जाम असेल, हिरव्या गंजाने चिकटली असेल, तर कॅप बाद. वायसरवर गोल रेघ उठलेली असेल, ती अखंड आहे का बघा. कुठे चीर, कुठे टणकपणा असेल तरी बाद.

मग कॅपच्या टोपीकडे या, तिच्या आतल्या बाजूला, जिथे ती रेडिएटरच्या मानेच्या काठावर टेकते. जुन्या पद्धतीच्या कॅपला इथे नुसता पत्र्याचा स्प्रिंगसारखा पातळ तुकडा असतो, रबर नसतं. ओव्हरफ्लो बाटलीसाठी बनवलेल्या कॅपला इथे दुसरा रबरी वायसर असतो. सगळा खेळ या दुसऱ्या वायसरचा आहे.

का ते बघा. गाडी थंड होताना रेडिएटर आत ओढायला लागतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला बाटलीतलं पाणी आहे, ते वर खेचायला जोर लागतो. टोपी आणि मानेच्या मध्ये रबर नसेल तर तिथल्या फटीतून हवा सहज आत येते, आणि सोपी वाट सोडून पाणी का वर चढेल? परिणाम असा की गरम झाल्यावर पाणी बाटलीत जातं आणि तिथेच राहतं. दोन दिवसांत बाटली भरून वाहायला लागते आणि रेडिएटर खाली. मालक म्हणतो बाटली खराब. बाटली बदलतो. पुन्हा तेच.

म्हणून दुकानात 'दोन रबरवाली कॅप' मागा आणि हातात घेऊन, उलटी करून, दोन्ही रबर डोळ्यांनी बघून घ्या.

दाबाचा आकडाही बघायचा. जुन्या कॅपवर ४ किंवा ७ लिहिलेलं असेल तर ते पीएसआय, दाबाचं जुनं माप. आजच्या गाड्यांच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असतं, ते बारमध्ये. ०.९ बार म्हणजे सुमारे १३ पीएसआय, जवळजवळ दुप्पट. दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू वाढतो. ७ पीएसआयला साधं पाणी साधारण १११ अंशांना उकळतं, १३ला ११९च्या आसपास. म्हणून काही जण मुद्दाम जास्त दाबाची कॅप लावतात. चाळीस वर्षांच्या पितळी रेडिएटरला, डाखाच्या जोडांना आणि जुन्या हीटरच्या कॉइलला तो दाब सोसत नाही. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच ठेवा.

राहिली कॅपची खोली. मानेच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंतचं अंतर सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. जुन्या गाड्यांत ते साधारण पाऊण इंच किंवा एक इंच सापडतं. उथळ कॅप खोल मानेत बसवली तर ती वरून घट्ट बसल्यासारखी वाटते, पण खालचं रबर बैठकीला टेकतच नाही. अशी गाडी दाबाशिवाय चालते आणि घाटात लवकर उकळते. तपासायची सोपी रीत: आतल्या बैठकीवर बोटाने ग्रीसचा पातळ थर लावा, कॅप बंद करा, उघडा. खालच्या रबरावर ग्रीसचं पूर्ण गोल कडं उमटलं पाहिजे. अर्धंच उमटलं तर मान वाकडी आहे. रेडिएटरवाला नवी पितळी मान डाख मारून बसवून देतो, ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

किती मोठी बाटली

अंदाजाने घेऊ नका, मोजा. कधी तरी कूलंट बदलायचंच असतं. त्या वेळी रेडिएटरची खालची तोटी आणि ब्लॉकची तोटी उघडून निघालेलं सगळं पाणी बादलीत धरा आणि लिटरच्या मापाने मोजा. समजा सहा लिटर निघालं. त्याच्या पाच टक्के म्हणजे ३०० मिली, ही येजा करणारी रक्कम. गाडी थंड असताना बाटलीच्या तळाशी नेहमी थोडं पाणी हवं, नाही तर रेडिएटर पाणी ओढून झाल्यावर हवा ओढतो. त्यासाठी आणखी ३०० धरा. आणि मे महिन्यात घाट चढून गाडी बंद केली की इंजिनाची उष्णता पाण्यात उतरते आणि एकदम जास्त पाणी येतं, त्यासाठी वर ३०० मिली रिकामं. बेरीज एक लिटरच्या आत. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला एक लिटरची बाटली पुरून उरते. अर्ध्या लिटरची चालवून नेता येते, पण सारखं लक्ष ठेवावं लागतं. दोन लिटरची लावून काही मिळत नाही, फक्त जागा जाते आणि वजन लोंबकळतं.

कुठली घ्यायची

माझं मत सरळ आहे: रोज चालवायच्या गाडीला मारुती ८००ची किंवा तशीच, मूळ कूलंटसाठीच बनवलेली बाटली घ्या. काही शे रुपयांत मिळते, झाकण आणि नळी सोबत येतात, पाण्याच्या पातळीच्या दोन रेघा आधीच कोरलेल्या असतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अशा बाटल्या सहज सापडतात. जुनी, काढलेली घेत असाल तर उन्हाकडे धरून बघा. प्लास्टिक पिवळं पडलेलं चालेल, पण तळाच्या कोपऱ्यांत आणि बसवायच्या कानांजवळ केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ठेवून द्या.

थंड पेयाची किंवा बिसलेरीची बाटली नको. ही चूक मी स्वतः भोगली आहे. गाडी नवी होती माझ्यासाठी, मिस्त्री म्हणाला तात्पुरतं लावतो, आणि एक लिटरची पारदर्शक बाटली तारेने बांधून दिली. दोन महिने ती चाललीसुद्धा. मग मे महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट चढून वेळे गावाला थांबलो तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती. उघडून बघितलं तर बाटली एका अंगाला सुरकुतून बसली होती, जाळलेल्या पिशवीसारखी, आणि नळी सुटून पंख्याच्या पट्ट्यावर कूलंट उडालेलं. ओला पट्टा घसरत होता, म्हणून पंपही नीट फिरत नव्हता. मागे आई बसलेली, बाहेर ४० अंश. दोन तास झाडाखाली काढले. या पेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतं, आणि रेडिएटरमधून येणारं पाणी त्याहून गरम असतं. कूलंटची खरी बाटली वेगळ्या प्लास्टिकची असते, तिला ही उष्णता सोसते.

काच धुण्याच्या पाण्याची बाटलीही घेऊ नका. तिच्या तळाला मोटरसाठी भोक असतं, ते बुजवलेलं रबर गरम कूलंटने सैल होतं. शिवाय पेट्रोल पंपावरचा एखादा उत्साही मुलगा तिच्यात साबणाचं पाणी ओतून ठेवतो.

ॲल्युमिनियमच्या चकचकीत टाक्या बाजारात भरपूर आहेत. वाईट नसतात, पण आतलं पाणी दिसत नाही. बाजूला काचेची किंवा प्लास्टिकची नळी असेल तरच घ्या. पातळी न दिसणारी बाटली म्हणजे अर्धी बाटली.

गाडी प्रदर्शनात किंवा रॅलीत नेत असाल तर मात्र प्रश्न वेगळा होतो. तिथे बॉनेट उघडून बघतात आणि प्लास्टिकची पांढरी बाटली लगेच डोळ्यांत भरते. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांतही पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' धरताना ती मूळ रूपात राखलेली आणि मोठा फेरबदल न झालेली असावी, असं म्हटलं आहे. बाटलीने कुणी नोंदणी नाकारेल असं नाही, पण मनात तीच शिस्त ठेवा: जे लावाल ते खूण न ठेवता काढता आलं पाहिजे. पुण्यात तांबट आळीत कारागिराला माप दिलं तर तांब्याची छोटी गोल बाटली करून घेता येते. तांबं-पितळेच्या रेडिएटरशेजारी ती शोभते आणि दाब नसल्यामुळे साधा जोडही टिकतो. दोन नळ्या मागा, एक तळापर्यंत जाणारी, एक वरच्या बाजूला हवेसाठी, आणि पातळीसाठी बाहेरून एक पारदर्शक नळी. हे काम मला सगळ्यांत आवडतं. पण पहिलीच बाटली असेल तर आधी प्लास्टिकची लावा, सहा महिने गाडी समजून घ्या, मग तांब्याकडे या.

जागा आणि नळी

बाटली रेडिएटरच्या मानेजवळ हवी, आणि तिचा वरचा काठ मानेच्या उंचीच्या आसपास. थोडी खाली चालते, कारण पाणी ओढून घेतलं जातं. पण खूप खाली किंवा लांब नेली तर ओढायला जास्त जोर लागतो आणि कॅपचं जरासं सैल रबरही मग हवा घ्यायला लागतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांची बाजू टाळा. पंखा आणि पट्ट्यापासून किमान चार बोटं लांब ठेवा. बॉनेट बंद होतं का हे हळूच तपासा: बाटलीच्या झाकणावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट बंद करा, उघडा. गोळा पापडासारखा चपटा झाला तर जागा बदला.

बसवण्यासाठी पत्र्याला नवं भोक पाडू नका. इनर फेंडरवर किंवा रेडिएटरच्या चौकटीवर जुने बोल्ट असतातच. त्यांपैकी एकाखाली पट्टी घालून ब्रॅकेट करा, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. भरलेली बाटली किलोभर असते आणि खड्ड्यांत हलत राहते, रबर नसेल तर कान तुटतो. नवीन भोकातून पावसाळ्यात गंज सुरू होतो, आणि कुर्ल्यात बनलेल्या या पत्र्याला आता दुसरा पत्रा मिळत नाही. मुंबईच्या टॅक्स्यांमधून पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला कायमची गेली. टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर जो सुट्या भागांचा बाजार चालत होता, तोही आटत चालला आहे. पत्रा जपा.

नळीसाठी मानेच्या निपलचा, म्हणजे नळी चढते त्या टोकाचा, बाहेरचा व्यास मोजा, बहुतेक वेळा ६ ते ८ मिलीमीटर निघतो. दुकानात कूलंटसाठीचा रबरी होज मागा, ईपीडीएम रबराचा. माशांच्या टाकीची पारदर्शक पीव्हीसी नळी स्वस्त असते, पण गरम झाली की मऊ होते आणि थंड होताना आतल्या ओढीने चपटी होऊन वाट बंद करते. पेट्रोलचा होज वेगळ्या रबराचा असतो, तोही या कामाला नको. नळी सरळ आणि आखूड ठेवा, कुठे मोड नको. निपलवर छोटी क्लिप लावाच. इथे थेंब गळत नसला तरी हवा शिरू शकते, आणि तेवढ्याने बाटली निकामी होते.

बाटलीच्या आत नळीचं टोक तळापासून साधारण एक बोट वर राहू द्या. अगदी टेकवलं तर तळाचा गाळ ओढला जातो. फार वर राहिलं तर हवा. टोक तिरकं कापा, म्हणजे चुकून टेकलं तरी बंद होणार नाही. झाकणातलं हवेचं भोक उघडं आहे का, हे टाचणीने बघा.

भरण्याची रीत

सुरुवातीला काठोकाठ भरू नका म्हटलं होतं, ते आता उलटं होतं. बाटली लावल्यावर रेडिएटर काठोकाठच भरायचा, मानेपर्यंत. हीटर असेल तर त्याचा नॉब गरमवर ठेवा. कॅप काढलेली असतानाच इंजिन सुरू करा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. वरचा होज कोमट व्हायला लागला की पुन्हा काठापर्यंत भरून कॅप लावा. होज गरम होईपर्यंत थांबू नका. बाटलीत खालच्या रेघेपर्यंत तेच मिश्रण घाला.

मिश्रणासाठी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या. कूलंट एक भाग, पाणी दोन भाग, किंवा निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट हवं ते गंज रोखणाऱ्या रसायनांसाठी. डब्यावर 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका. दोन रंगांची कूलंट मिसळू नका.

उरलेलं कूलंट उघडं ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. फरशीवर सांडलं की गल्लीतली कुत्री चाटतात आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. पाणी ओतून लगेच धुवा, फडकं पिळून टाका, डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

आता गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. गरम असताना बाटलीतली पातळी वर गेलेली दिसेल. तिथे मार्करने रेघ मारा. रात्रभर सोडा. सकाळी पातळी खाली आलेली हवी. पहिल्या दोन-तीन वेळा ती मूळ रेघेच्याही खाली जाते, कारण इंजिनात अडकलेली हवा बाहेर पडत असते आणि तिच्या जागी पाणी जात असतं. बाटलीत भर घाला, रेडिएटरची कॅप उघडू नका. चौथ्या-पाचव्या फेरीला सकाळची आणि गरमची, दोन्ही पातळ्या ठरलेल्या जागी यायला लागतात.

पहिला महिना बाटली काय सांगते

रोज सकाळी बॉनेट उघडून दहा सेकंद बघा.

बाटली भरत जाते आणि सकाळी खाली येत नाही: कॅपचं वरचं रबर, नळीचा जोड किंवा मधला व्हॉल्व. याच क्रमाने तपासा.

सकाळी रेडिएटरचा वरचा होज चपटा, आत ओढल्यासारखा दिसतो: आत घेणारा व्हॉल्व जाम आहे किंवा नळी कुठे तरी चिरडली आहे. गाडी ओढतेय आणि तिला काही मिळत नाही. होज फुटायच्या आत कॅप बदला.

बाटली हळूहळू कोरडी पडतेय, फरशी मात्र कोरडी: पाणी गरम इंजिनवर गळून तिथेच वाळतंय किंवा सिलिंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराने बाहेर पडतंय. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून बघा, तेलाला दुधी चहाचा रंग आला असेल तर गाडी सुरू न करता टो करून न्या.

आणि शेवटची, जी बाटलीशिवाय कळायला फार उशीर झाला असता. इंजिन गरम झालंय, आता फक्त आयडलवर चालू आहे, आणि बाटलीतल्या नळीच्या टोकातून बुडबुडे येत आहेत. नवं पाणी भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते आले तर हरकत नाही, ती अडकलेली हवा. पण आठवड्यानंतरही, एकसारखे, ॲक्सिलेटर दाबला की वाढणारे बुडबुडे असतील तर ती हवा नाही, सिलिंडरमधला गॅस आहे. ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं हेड गॅस्केट सुटायला लागलंय. याच टप्प्यावर हेड उतरवलं तर गॅस्केट बदलून आणि गरज पडली तर हेड घासून भागतं. पुढे महिनाभर तशीच चालवली तर हेड वाकतं. माझ्या गाडीचं गेल्या वर्षी असंच पकडलं, कोजागिरीच्या आदल्या सकाळी, बाटलीत टॉर्च मारून बघताना. मिस्त्रीने स्टार्टर मारला, दोघांनी मिनिटभर बघितलं, आणि त्याने काही न बोलता तेरा नंबरचा पाना काढला.